उघड्या मुठीचा छंद

टपालाची तिकिटे जमवणाऱ्या गृहस्थाकडे लोक कौतुकाने पाहतात. जुनी नाणी जमवणाऱ्याकडे आदराने पाहतात. पण ‘मी हाताने घडवलेल्या सुऱ्या जमवतो’ असे म्हटले, की पाहुणे आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहतात. सोयरिकीच्या निमित्ताने घरी आलेल्या एका सद्गृहस्थांनी तर हे ऐकून चहाचा कप तसाच खाली ठेवला होता. ती सोयरीक पुढे जमली, ही गोष्ट वेगळी. आणि आज तेच गृहस्थ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सर्वांच्या आधी आमच्या गॅलरीत हजर असतात!

तेव्हा आधी हा छंद आहे तरी काय, ते सांगतो. बाजारात मिळणारी सुरी वाईट असते असे मुळीच नाही. ती यंत्राने पत्र्यातून कापून काढलेली असते आणि तिच्या हजारो जुळ्या बहिणी गावोगाव कांदे चिरीत असतात. हाताने घडवलेली सुरी एकटीच जन्माला येते. गिऱ्हाईक आपल्या पंजाचे माप देते, काय कापायचे ते सांगते, मूठ शिसवीची हवी की म्हशीच्या शिंगाची ते ठरवते. मग एक माणूस ती सुरी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करतो. शिंप्याकडून कोट बेतून घ्यावा, तसाच हा प्रकार. आणि चांगल्या कोटासारखीच तीही दुसऱ्याच्या अंगाला, म्हणजे हाताला, तितकीशी बसत नाही.

तिची खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. पाते ठोकून किंवा घासून आकाराला आले, तरी ते अजून मऊच असते. मग त्याला ‘पाणी’ द्यावे लागते. पोलाद तापत तापत सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोचले, की लोहचुंबक त्याला ओढेनासा होतो. त्याहून थोडे वर नेऊन ते तेलात बुडवले, की पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळ. हातातून फरशीवर पडले तर तुकडे! म्हणून त्याला पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत हलकेच तापवतात. घासून लखलखीत केलेल्या पात्यावर वाळलेल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो. तेवढ्यात ठिसूळपणा उतरतो आणि धार धरण्याइतका कठीणपणा मागे राहतो. माणसालाही आपण ‘पाणीदार’ म्हणतो, त्यातली खुबी मला लोहाराच्या भट्टीपाशी कळली.

अशी वस्तू कपाटात कुलूपबंद ठेवण्यात काय अर्थ? तिकीट नुसते पाहता येते. सुरी हातात घेतल्यावाचून कळत नाही. म्हणून आमचे रविवारचे मंडळ निघाले. त्यात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, एक दंतवैद्य आहेत, शेजारच्या वहिनी आहेत आणि यांत्रिक अभियांत्रिकी शिकलेला एक तरुण आहे. नियम तीनच. सुरी दुसऱ्याच्या हाती देताना मूठ पुढे करायची. पाहून झाली, की पाते पुसून तेलाचा हात फिरवायचा, कारण साध्या पोलादाला घामाच्या बोटांचा ठसा रात्रीत गंज चढवतो. आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगितल्याशिवाय चहा प्यायचा नाही. वहिनींनी पहिल्याच दिवशी माझ्या आवडत्या सुरीने टोमॅटो चिरला आणि निकाल दिला, “दिसायला देखणी आहे, पण पाते जाड. पालेभाजीला काही उपयोगाची नाही.” आठ वर्षे ती सुरी माझ्यापाशी होती, एवढी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती!

हा तिसरा नियम दिसतो तितका किरकोळ नाही. सुऱ्यांचा सारा इतिहास त्याच्यावर टांगलेला आहे. अमेरिकेतील आर्कान्सास राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या जेम्स ब्लॅक नावाच्या लोहाराने १८३० च्या सुमारास प्रसिद्ध लढवय्या जेम्स बोई याची सुरी घडवली, असे सांगतात. पोलादाला पाणी देण्याची त्याची रीत गुप्त होती. पुढे तो आंधळा झाला. १८७० मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, आपल्याला सांभाळणाऱ्या कुटुंबातील डॅनिएल जोन्स या तरुणाला त्याने ते रहस्य सांगायचे ठरवले. कागद-लेखणी आली, म्हातारा बोलायला बसला, आणि त्याला काही केल्या आठवेना! पुढे राज्यपाल झालेल्या या जोन्स यांनीच ही हकीगत सांगून ठेवली आहे. इतिहासाचे अभ्यासक तिच्याविषयी शंका घेतात. पण कुठल्याही जुन्या कारागिराला ती सांगा, तो हसणार नाही.

आपल्या देशाने तर याहून मोठी वस्तू गमावली. दक्षिण हिंदुस्थानातील लोहार मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला घालून एक पोलाद करीत. इंग्रजांनी त्याला ‘वुट्झ’ म्हटले. कानडी-तेलुगूतील ‘उक्कु’ या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम या गावी ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. त्याच्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. जगाने त्यांना नाव दिले दमास्कसचे. पोलाद मात्र पुष्कळदा आपले! एका लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅराडे या थोर शास्त्रज्ञाने स्टोडार्ट यांच्यासह १८२० च्या सुमारास या पोलादावर प्रयोग केले, पण कोडे सुटले नाही. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचे स्वस्त पोलाद आले, राजेरजवाडे गेले, आणि ती नक्षीही लोपली.

ते कोडे पुष्कळसे सुटले १९९० च्या दशकात, आणि तेही दोन माणसे एकत्र बसली म्हणून. जॉन व्हर्होव्हेन हे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि आल्फ्रेड पेंड्रे हे फ्लॉरिडातील सुऱ्या घडवणारे लोहार. एकाजवळ सूक्ष्मदर्शक, दुसऱ्याजवळ हातोडा! त्यांचा निष्कर्ष असा, की खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांच्या अगदी अल्प अंशामुळे ती नक्षी उमटते. खाण बदलली, की तोच लोहार, तीच भट्टी, तीच रीत; पण नक्षी येईना. बिचाऱ्याला कारण कधीच कळले नसेल.

या सगळ्या मंडळींत माझा मानाचा पाट मात्र विल्यम मोरान यांना. १९२५ साली जन्मलेला हा मेरीलँडमधील गवळ्याच्या घरचा मुलगा. पोलादाचे निरनिराळे थर तापवून, ठोकून, एकजीव करून नक्षीदार पाते करण्याची एक वेगळी जुनी रीत होती. तिलाही लोक दमास्कसच म्हणतात. ती अमेरिकेतील सुऱ्यांच्या दुनियेत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. मोरान यांनी प्रयोग करकरून ती साधली आणि १९७३ मध्ये सुऱ्या घडवणाऱ्यांच्या प्रदर्शनात अशी पाती मांडली. दुसरा एखादा असता तर दाराला कडी लावून जन्मभर पैसे मिळवता! मोरान यांनी काय केले? रीत समजावून सांगणाऱ्या पुस्तिका छापून त्याच प्रदर्शनात फुकट वाटल्या. आज जगभर शेकडो लोक अशी पाती घडवतात, ती त्या मोकळ्या हाताची पुण्याई.

१९७६ मध्ये मोरान आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापली. तिची परीक्षा वाचून आमच्या मंडळातील दंतवैद्यांनी कपाळाला हात लावला. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने इंचभर जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाची जाड फळी दोनदा आरपार तोडायची. त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी ते पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचे; मोडता कामा नये! पुढच्या, म्हणजे उस्तादाच्या परीक्षेला पाते निदान ३०० थरांचे लागते. पाच थरांची चवड सहा वेळा दुमडून दुप्पट करीत गेले, की ३२० थर होतात, हा हिशेब वहिनींनी चहा गाळता गाळता केला. या संस्थेची शाळा १९८८ मध्ये निघाली, ती कुठे? ज्याला आपले रहस्य आठवेना, त्या जेम्स ब्लॅकच्याच गावी!

हे सारे आमच्या गॅलरीत सांगून झाले, तेव्हा त्या तरुणाने विचारले, “काका, मग आपल्याकडच्या लोहारांना कोणी विचारतो का?” माझ्याजवळ रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातल्या लोहारांची सुरी होती, लॉरीच्या कमानीच्या पाट्यापासून केलेली. वय पंचाहत्तरीच्या घरात. मुलगा रिक्षा चालवतो. मे महिन्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. ही रीत सांगायला हरकत तर नाही ना, असे मी भीत भीत विचारले. म्हातारबुवा भाता थांबवून म्हणाले, “लपवलेलं काय नाय, साहेब. विचारायला येतो कोण?”

त्या एका वाक्याने माझ्या मनातला ब्लॅकचा कित्ता पुसला गेला. कला कुलपात गुदमरते असे मी समजत होतो. इथे तर दार सताड उघडे, आणि उंबऱ्यावर कोणी नाही!

मग तीन दिवस आमचा तरुण वही घेऊन बसला. रंग पाहायचा तो संध्याकाळी, कारण उन्हात तापल्या लोखंडाचा रंग खोटा दिसतो. कोयत्याच्या धारेला तेवढे पाणी द्यायचे, पाठीला नाही. पाठ मऊच हवी, नाहीतर फणसाच्या फांदीत अडकून कोयता मोडतो. पुस्तकात जे सूत्रात असते, ते म्हातारबुवांनी फणसात सांगितले. निघताना मी म्हटले, “सुरीवर तुमची खूण घालून द्या.” इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या कामावर खूण घातली नव्हती. त्यांनी खिळ्याने मुठीपाशी तीन ठिपके उमटवले. तीन कशाचे? तर “आजा, बाप नि मी.” आता त्या वहीच्या चार प्रती आहेत. एक त्यांच्या रिक्षावाल्या मुलाने मागून घेतली आहे.

ज्यांना या छंदाची ओढ वाटेल, त्यांनी एक व्यवहारही ध्यानात ठेवावा. आपल्या शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात मोडतात. घरकामाची, शेतीची व तत्सम अवजारे त्यातून वगळली आहेत. तेव्हा खंजीर-कट्यारींच्या मागे लागू नका. स्वयंपाकघर आणि शेत एवढ्यातच जन्म पुरणार नाही इतके वैभव आहे.

खोटे वाटत असेल तर पुण्याला शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन तिथले अडकित्ते पाहा. दिनकर केळकरांनी साध्या घरांतल्या साध्या वस्तू जन्मभर वेचल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले, आणि १९७५ मध्ये तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्राहकाची मूठ अशी शेवटी उघडावी.

आपल्या घरातही माळ्यावर आजीचा अडकित्ता, पणजीची विळी पडलेली असेल. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिले असेल, तर या दिवाळीत फराळाला जमलेल्या मंडळींपुढे ती मांडा. कोणी घडवली, कुठल्या गावची, धार कोण लावीत असे, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा. आणि उत्तर लिहून घ्या. चकल्या काय, दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहतात.