संगणकाने तपासला, म्हणजे खरा ठरला?

‘सॉफ्टवेअरने पेपर तपासला, पास केला, आता शंका कशाला?’ करोनाच्या काळापासून शिकलीसवरलेली माणसंही असं बिनदिक्कत बोलतात. हे साफ चूक आहे. प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच सर्वांसाठी खुला केलेला शोधनिबंध. तो चाळणाऱ्या या सॉफ्टवेअरला निष्कर्ष खरा की खोटा हे कळतच नाही. डेटा कुठे ठेवला हे लेखकाने लिहिलंय का, विश्लेषणाचा कोड दिलाय का, अभ्यासाच्या मर्यादा कबूल केल्यात का, एवढंच ते शोधतं.

कोव्हॅक्सिन या करोना लशीचं उदाहरण घ्या. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निबंध जुलै २०२१मध्ये मेडआर्काइव्ह या प्रीप्रिंट संकेतस्थळावर आला : २५,७९८ स्वयंसेवक, परिणामकारकता ७७.८ टक्के. अशा निबंधात सॉफ्टवेअर चाचणीचा नोंदणी क्रमांक हुडकतं. भारतात २००९पासून चाचणीआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करणं सक्तीचं आहे. क्रमांक हाती आला की आधी काय मोजायचं ठरलं होतं आणि नंतर काय छापलं, हे कुणालाही ताडून पाहता येतं. पण ७७.८ हा आकडा बरोबर निघाला की नाही, ते क्रमांक कसा सांगणार? ते काम परीक्षकांचं. त्यांच्या हाताखालून जाऊनच हा निबंध नोव्हेंबर २०२१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

ही साधनं बनवणाऱ्यांनीही निष्कर्षाच्या खरेपणाचा दावा कधी केलेला नाही. ट्रेसी वाइसगर्बर आणि सहकाऱ्यांनी करोनावरचे हजारो प्रीप्रिंट अशा साधनांतून चाळले आणि २०२१मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्याबद्दल लिहिलं. साधनं चुकतात, एखादा निकष त्या निबंधाला लागू आहे की नाही हेही त्यांना नेहमी कळत नाही, असं त्यांनीच स्पष्ट केलं आहे. बनवणारे हे सांगत असताना बाकीच्यांनी या तपासणीला खरेपणाचा दाखला का मानावं?

मग उपयोग काय? त्याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावहून खोडद गाठलं की शेतांमध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसतात. अशा एकूण ३० आहेत. या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाचं सर्वेक्षण केलं. कच्चा डेटा संग्रहात जपला गेला. पुढे हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तो नव्या पद्धतीने पुन्हा गाळला आणि २०१६मध्ये आर्काइव्ह या प्रीप्रिंट संकेतस्थळावर निबंध ठेवला, सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांच्या यादीसह. डेटा कुणाच्या कपाटात पडून राहिला असता तर हे घडलंच नसतं. म्हणून ‘वाजवी विनंती केल्यास डेटा देऊ’ या वाक्याला डेटा शोधणारं सॉफ्टवेअर खुला डेटा धरत नाही, आणि ते योग्यच आहे.

आणखी काही समजुती. ही तपासणी म्हणजे प्लेजरिझमची तपासणी : नाही, यूजीसीच्या २०१८च्या नियमांतली १० टक्क्यांची मर्यादा मजकुराच्या साम्यासाठी आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. प्रीप्रिंट कुणीही टाकतो, बघणारं कुणी नसतं : १९९१पासून चालणाऱ्या आर्काइव्हवर प्राथमिक छाननी करणारी माणसं आहेत, पूर्ण परीक्षण मात्र तिथे होत नाही. डेटा खुला केला की दुसरे श्रेय लाटतात : जीएमआरटीवर निरीक्षण करणाऱ्यांना ठरावीक मुदतीपर्यंत आपल्या डेटावर हक्क असतो, मगच तो सर्वांना मिळतो.

प्रीप्रिंटवरची बातमी वाचाल तेव्हा मूळ निबंध उघडा आणि शेवटच्या पानांवर डेटाचा पत्ता शोधा. तिथे नुसतं ‘विनंती केल्यास’ असेल, तर बातमी पुढे पाठवू नका.