आधी आजार की आधी सवय?

कॉफी हृदयाला चांगली, असं सोमवारच्या बातमीत छापून येतं. शुक्रवारी तीच कॉफी घातक ठरते. वैतागलेला वाचक विचारतो, खरं कोणाचं मानायचं? निष्कर्ष वाचण्याआधी पाहणी कोणत्या टोकापासून सुरू झाली ते बघितलं, तर निम्मा गोंधळ सुटतो.

केस-कंट्रोल अभ्यास आजारापासून मागे जातो: रुग्ण आणि तो आजार नसलेली माणसं समोरासमोर ठेवून त्यांच्या जुन्या सवयी विचारतो. कोहॉर्ट अभ्यास सवयीपासून पुढे सरकतो. चोरी झाल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या घेणं आणि वॉचमनने आधीपासून वही भरत राहणं, एवढा हा फरक. जबानी झटपट मिळते, पण आठवण दगा देते. वही भरवशाची, पण ती वर्षानुवर्षं भरावी लागते.

पाठ्यपुस्तकांत या दोन्ही पद्धतींसाठी रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची नावं हटकून येतात. 1950 मध्ये त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 649 पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे अवघे 2 सापडले. कर्करोग नसलेल्या तितक्याच पुरुष रुग्णांत 27. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांना प्रश्नावली धाडून वही उघडली. कौतुक रास्तच.

पण जॅनेट लेन-क्लेपन?

या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी 1912 मध्येच बर्लिनच्या बालक-केंद्रांतली भरलेली वही हाती घेतली आणि आईच्या दुधावरच्या व उकळलेल्या गाईच्या दुधावरच्या बाळांची वजनं ताडून पाहिली. आईच्या दुधावरची बाळं सरस निघाली. दुसरा कोणी तिथेच थांबला असता. बाईंना शंका आली: हा फरक दुधाचा की घरच्या परिस्थितीचा? मग त्यांनी बाळांच्या वडिलांची मजुरी तपासली. फरकाचं कारण तिथे सापडलं नाही, तेव्हा कुठे दुधाला श्रेय मिळालं. आजही कित्येक अभ्यास नेमके याच पायरीवर घसरतात.

1926 मध्ये त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे 500 रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच कर्करोग नसलेल्या स्त्रिया यांची तुलना केली. उशिरा लग्न आणि कमी मुलं असलेल्यांना धोका जास्त, हा त्यांचा निष्कर्ष पुढच्या संशोधनातही टिकला.

1929 मध्ये त्यांचं लग्न झालं आणि संशोधन थांबलं. ब्रिटनच्या सरकारी नोकरीत तेव्हा विवाहित स्त्रियांना मज्जाव होता. डॉल आणि हिल यांचा गाजलेला अभ्यास त्यानंतर 21 वर्षांनी आला.