‘डेस्कटॉप साइट’वर टिक केल्यावर नेमकं काय होतं?

लेखांक १२

मागच्या आठवड्यात आपण कुकी पाहिल्या. तेव्हा ओघात एक गोष्ट आली होती: कुठलंही पान मागताना ब्राउझर सर्व्हरला स्वतःची थोडी ओळख सांगतो. आज ती ओळख नीट वाचायची आहे. फोनवरच्या क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेन्यूत ‘डेस्कटॉप साइट’ अशी जी चौकट असते, तिचं निम्मं काम या ओळखीवर चालतं.

ही चौकट अनेकांनी ऐकीव माहितीवर वापरलेली असते. अर्ज भरताना ‘पुढे’चं बटण दिसेनासं झालं की शेजारचा मुलगा सांगतो, ‘डेस्कटॉप मोड करून बघा.’ कधी त्याने काम होतं, कधी पान ढिम्म हलत नाही, तर कधी सगळं इतकं बारीक होतं की डोळे ताणून पाणी येतं. हा नशिबाचा खेळ नाही. टिक केल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्या लक्षात आल्या की कुठे उपयोग होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

पहिली गोष्ट म्हणजे ओळख बदलणं. या ओळखीच्या ओळीला यूजर एजंट म्हणतात. अँड्रॉइड फोनवरचा क्रोम जी ओळ पाठवतो, तिच्यातले शब्द क्रमाने साधारण असे असतात: मोझिला, लिनक्स, अँड्रॉइड १०, के, ॲपलवेबकिट, गेको, क्रोम, मोबाइल, सफारी. यातले निम्मे शब्द इतिहासाचं ओझं आहेत. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवायचा आणि अनेक साइट त्यालाच आपलं चांगलं पान द्यायच्या. मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोररही ‘मोझिला’ म्हणू लागला. पुढे आलेल्या प्रत्येकाने आधीच्यांची नावं जोडून घेतली. ‘अँड्रॉइड १०’ आणि ‘के’ हे तर तुमच्या फोनबद्दल काहीच सांगत नाहीत. फोन कुठल्याही कंपनीचा आणि कितीही नवा असो, २०२३ पासून क्रोम सगळ्यांसाठी हेच पाठवतो. फोनच्या मॉडेलवरून माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून केलेली ही सोय मला मनापासून पटते.

आपल्या कामाचा शब्द एकच, ‘मोबाइल’. चौकटीत टिक केली की तो शब्द गळतो, अँड्रॉइडचाही उल्लेख जातो आणि क्रोम सांगतो की मी लिनक्सच्या संगणकावर चालतोय. आयफोनवरचा सफारी अशा वेळी स्वतःला मॅक म्हणवतो. ज्या साइट ही ओळ वाचून कुठलं पान द्यायचं ते ठरवतात, त्या लगेच संगणकाचं पान पाठवतात.

पण आज बहुतेक साइट पान निवडायला ही ओळ वाचतच नाहीत. त्या रुंदी बघतात, आणि टिक केल्यावर घडणारी दुसरी गोष्ट रुंदीचीच असते.

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्सने पहिला आयफोन दाखवला, तेव्हा त्यावर न्यूयॉर्क टाइम्सची साइट उघडली होती. फोनसाठी कापून लहान केलेली नव्हे, संगणकावर दिसते ती अख्खी. त्याआधी फोनवर मिळायचं ते वॅपचं चार ओळींचं पान, किंवा आपल्याकडे टूजीच्या काळात लाडकं झालेलं ऑपेरा मिनी. ऑपेरा मिनी पान आधी आपल्या सर्व्हरवर दाबून लहान करायचं आणि मग फोनवर धाडायचं. आयफोनने वेगळी युक्ती केली. स्क्रीन होती ३२० बिंदू रुंद, पण सफारी पान मांडताना ९८० बिंदूंची रुंदी धरायचा आणि मांडून झालेलं पान आक्रसून स्क्रीनवर बसवायचा. मोठ्या नकाशाची लहान झेरॉक्स काढावी तसं. वाचायचं असेल तिथे दोनदा टिचकी मारा, तो भाग मोठा होईल. ९८० च का, तर त्या काळच्या साइट साधारण १०२४ बिंदूंच्या मॉनिटरसाठी बांधलेल्या असत.

सोबत ॲपलने साइटवाल्यांना एक सोयही दिली. पानात व्ह्यूपोर्टची एक ओळ लिहिली, की ब्राउझर ९८० सोडून फोनची खरी रुंदी धरतो. २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट यांनी एका लेखात ‘रिस्पॉन्सिव्ह’ मांडणीची कल्पना मांडली: एकच पान, पण रुंदीनुसार स्वतःला बदलणारं. आज आपण फोनवर जे बघतो ते बहुतेक या दोन गोष्टींवर उभं आहे.

आता आपल्या टिकेकडे या. टिक केली की क्रोम त्या व्ह्यूपोर्टच्या ओळीकडे दुर्लक्ष करतो आणि पुन्हा ९८० ची रुंदी धरतो. म्हणजे २००७ सालचा हिशेब परत लागू होतो. तुमच्या फोनची स्क्रीन १०८० बिंदूंची असेल, पण वेबच्या हिशेबात ती बहुधा ३६० ची मोजली जाते, कारण तीन खरे बिंदू मिळून एक धरला जातो. ९८० चं पान ३६० मध्ये बसवलं की १६ मापाचं अक्षर जेमतेम ६ चं उरतं. इंग्रजी मजकूर त्या आकारात कसाबसा ओळखू येतो. देवनागरीचे मात्र हाल होतात: ऱ्हस्व-दीर्घ उकार एक दिसतात, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, जोडाक्षराचा ठिपका होतो. मराठी पान डेस्कटॉप रूपात वाचायचं तर चिमटीने मोठं करण्याला पर्याय नाही. कधी काही परिच्छेद मोठे आणि काही बारीक दिसतात, ते क्रोमने स्वतःच काही मजकूर फुगवल्यामुळे.

इथेच अनेकांना चकवणारी गंमत दडली आहे. २०११ साली ट्विटरमधून बाहेर पडलेलं बूटस्ट्रॅप नावाचं तयार मांडणीचं साहित्य असंख्य साइटनी वापरलं आहे. त्यात ‘मोठ्या स्क्रीन’ची हद्द सुरू होते ९९२ बिंदूंपासून, आणि आपली टिक देते ९८०. बारा बिंदूंनी गाडी चुकते! त्यामुळे टिक करूनही वरचा मेन्यू तीन आडव्या रेघांतच अडकून राहतो आणि साइट टॅब्लेटचं रूप दाखवते. फोन आडवा केला तरी सहसा फरक पडत नाही, कारण आडव्या फोनची रुंदीही ९८० च्या आत असते. यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

आणखी एक जुना प्रकार म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला ‘एम’ आणि टिंब असलेल्या साइट. तिथे पत्ताच मोबाइल साइटचा असल्यामुळे टिक करून बऱ्याचदा काही होत नाही. ते ‘एम’ आणि त्यापुढचं टिंब पुसून पत्ता पुन्हा उघडून पाहा.

इतकी खटपट करायची तरी कशासाठी? उत्तरासाठी मराठी विकिपीडिया उघडा. एखाद्या जिल्ह्याचा किंवा लेखकाचा लेख घ्या. संगणकावर अशा लेखाच्या तळाशी बऱ्याचदा संबंधित लेखांची चौकट असते, तिच्याखाली वर्गांची यादी असते, आणि त्या वाटेने माणूस एका लेखातून दुसऱ्यात तास न् तास फिरू शकतो. फोनच्या पानावर ती चौकट गायब असते आणि खातं न उघडलेल्या वाचकाला वर्गही दिसत नाहीत. लेख तोच, पण त्यातून बाहेर जाणाऱ्या वाटा बंद. पानाच्या अगदी तळाशी ‘डेस्कटॉप’ असा छोटा दुवा असतो, तो दाबा म्हणजे सगळं हजर होतं. विकिपीडियाने निदान तो दुवा तरी ठेवला आहे. अनेक साइट तेवढंही करत नाहीत.

मला हे खुपतं. ‘फोनवर कोण एवढं वाचतंय’ असं गृहीत धरून तक्ते, जुने अंक, शोधाचे बारकावे कापले जातात. ज्याच्या घरी संगणक आहे, त्याचं यात काही अडत नाही, तो रात्री संगणकावर बघेल. पण आपल्याकडे लाखो घरांत फोन हाच एकमेव संगणक आहे. फोनच्या पानातून जे कापलं, ते त्या घरापुरतं जगातूनच कापलं गेलं. गूगलसुद्धा शोधासाठी साइटचं फोनवरचंच रूप वाचतो. म्हणजे फोनच्या पानावर नसलेला मजकूर शोधूनही हाती लागणं कठीण.

वापरायची रीत सोपी आहे. क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्हींत तीन टिंबांच्या मेन्यूत ही सोय मिळते. आयफोनच्या सफारीत पत्त्याच्या पट्टीजवळच्या पानाच्या मेन्यूत डेस्कटॉप साइट मागवण्याचा पर्याय असतो, त्याचं चिन्ह आवृत्तीगणिक बदलत आलं आहे. रुंद तक्ते, निकालाच्या याद्या, ई-पेपर आणि ‘आमचं ॲप घ्या’ म्हणून आडव्या येणाऱ्या साइट यांसाठी टिक जरूर करा. नुसता लांब लेख वाचायचा असेल तर नको. बँकेच्या साइटवरही नको, कारण अनोळखी संगणक समजून ती पुन्हा ओटीपी मागण्याची शक्यता असते. जिथे माउस नुसता वर नेला की मेन्यू उघडतो, तिथे बोट अडखळतं. अशा वेळी एकदा हलकेच टेकवा, मेन्यू उघडेल, मग हवं ते निवडा.

काम झालं की टिक काढायची आठवण ठेवा. क्रोमच्या नव्या आवृत्त्या तुमची निवड त्या साइटपुरती लक्षात ठेवतात. मग आठवड्याने तीच साइट बारीक दिसली की माणूस फोनला दोष देतो. कुठल्या साइटला ही सवलत लावली आहे ते सेटिंग्जमधल्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये दिसतं आणि तिथूनच ती काढताही येते.

आणि अर्ज भरणाऱ्यांनी एवढं नक्की करावं: टिक पहिला रकाना भरण्याआधीच करा. टिक लावली किंवा काढली की पान नव्याने मागवलं जातं आणि तोवर भरलेलं सगळं बहुतेक वेळा पुसलं जातं. अर्ध्या तासाची मेहनत, आईचं नाव, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, सगळं पुन्हा.

पुढच्या आठवड्यात अशाच अर्जांतली दुसरी अडचण घेऊ: फोटो आणि सही सांगितलेल्या केबीच्या आत, वाचण्याजोगी ठेवून, कशी बसवायची.