इंजिनातील तेलाचा ताप

मे महिन्यात पांढुर्णा व सौसरकडे पारा ४५ अंशांकडे झुकू लागला, की मोटारवाल्याच्या मनात शंका डोकावते: बाहेर एवढी होरपळ, तर इंजिनातील तेलाचे काय होत असेल? मग कोणी सल्ला देतो, ऑइल कूलर बसवून घ्या. पैसे मोजण्यापूर्वी त्या तेलाची कामगिरी समजून घेतलेली बरी.

तेल केवळ घर्षण कमी करते असे नव्हे. रेडिएटरचे पाणी सिलिंडरभोवती खेळते; पिस्टनच्या खालच्या अंगाची आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची उष्णता वाहून नेणे तेलाकडेच असते. म्हणून चालत्या गाडीत ते ९० ते ११० अंश सेल्सिअस तापते, आणि तसे तापावयासच हवे. इंधन जळताना पाण्याची वाफ होते, तिचा काही अंश तेलात उतरतो. तेल पुरते तापले तरच तो उडून जातो. एरवी गाळ साचतो, आम्ल तयार होते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीला उन्हाळ्यापेक्षा ही अर्धवट ऊबच अधिक नडते.

खरा धोका १३० अंशांपुढे. तेथे तेल फार पातळ होते, बेअरिंगमधील त्याचा थर विरतो. शिवाय स्थूलमानाने दर १० अंशांमागे तेल खराब होण्याचा वेग दुपटीने वाढतो. परंतु नुसत्या उन्हाने ही पाळी येत नाही. ती आणतात ओझे आणि चढण. सौसरहून छिंदवाड्याकडे निघालेली, संत्र्यांनी खच्चून भरलेली पिकअप सिल्लेवानीचा घाट खालच्या गियरमध्ये चढते, तेव्हा तेलाची कसोटी लागते. समोरचा काटा मात्र बहुधा पाण्याचे तापमान सांगतो, तेलाचे नव्हे! तेव्हा अशा गाडीला आधी तेलाचा तापमापक लावावा. कूलरचा विचार मागाहून.

पुष्कळ नव्या इंजिनांत, विशेषतः टर्बो डिझेलमध्ये, कारखान्यातूनच कूलर येतो. रेडिएटरचेच पाणी त्यातून फिरते. ते सकाळी तेलाला ऊब देते आणि पुढे थंडावा. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन हवेने थंड होणारे, म्हणून त्यातही कूलर मुळातच होता.

वरून बसविलेल्या कूलरला नळ्या व जोड आले. धक्क्याने एखादा जोड सुटला, तर तेल वाहून जाऊन इंजिन जाम व्हावयास वेळ लागत नाही. गरज ठरलीच, तर तेल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट त्यास हवाच.

इतरांनी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे, पातळी वरचेवर पाहावी, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढावा. टर्बो गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू ठेवावी.