टांगत्या टोपलीतील नेचे

पावसाळा सुरू झाला की भांडुपच्या पश्चिमेकडील डोंगरउतारावर आणि जुन्या भिंतींच्या सांध्यांत हंसराज आपोआप उगवतो. काळ्या, तकतकीत देठांचा हा नाजूक नेचा हौसेने कुंडीत लावला जातो आणि दिवाळीच्या सुमारास पाने करपली म्हणजे रोप मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. बहुधा ही घाईच असते. हंसराजाची पाने पावसाळ्यानंतर वाळतात. मातीतील आखूड खोड मात्र जिवंत राहते. कुंडी सावलीत ठेवून माती अगदी कोरडी पडणार नाही एवढेच पाणी दिल्यास पावसाळ्याच्या आरंभी नवे, गुंडाळलेले कोंब वर येतात.

बारमाही हिरवेपणा हवा असल्यास बोस्टन नेचा लावावा. त्याची लांब, झुलती पाने टांगत्या टोपलीस फार शोभतात. मात्र नेच्यास मुळाशी साचलेले पाणी नको, हवेतील ओलावा हवा. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेत धुरामुळे नेचे जगत नसत. १८२९ च्या सुमारास त्यांनी ठेवलेल्या बंद बाटलीतील ओल्या मातीत मात्र नेचा आपोआप उगवला. घरात पंख्याखाली टांगलेली टोपली रोज पाणी घालूनही सुकते, ती याच कारणाने.

तारेच्या टोपलीत आतून नारळाच्या सोडणाचा थर द्यावा. दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग पोयट्याची माती व एक भाग जाड वाळू यांत थोडा कोळशाचा चुरा मिसळून ती भरावी. टोपली पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीशी, थेट ऊन लागणार नाही अशी टांगावी. न्हाणीघरात उजेड असल्यास त्याहून चांगली जागा नाही. टोपली चोहोबाजूंनी सुकत असल्याने वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत ती बादलीत बुडवावी, निथळू द्यावी व मगच टांगावी. उन्हाळ्यात हे वरचेवर करावे लागते.

पानांच्या पाठीमागे तपकिरी ठिपके दिसताच औषध फवारण्याची चूक सर्रास होते. ठिपके नियमित ओळीत असतील तर ते बीजाणूंचे पुंजके होत. त्यांवर उपाय नको. वेडेवाकडे पसरलेले, नखाने खरवडताच निघणारे ठिपके म्हणजे खवले कीड. ती ओल्या कापसाने पुसून काढावी. तेलकट औषधे या पानांना सोसत नाहीत.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून रोपे उपटून आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. बोस्टन नेचा दोऱ्यासारखी धावती खोडे सोडतो. ती ओल्या मातीस टेकतात तेथे नवे रोप धरते. जूनमध्ये अशी मूळ धरलेली रोपे वेगळी करून लहान कुंड्यांत लावल्यास छोट्या रोपवाटिकेस विक्रीसाठी घरचीच रोपे मिळतात.