जुन्या घडणीची नवी गिटार कशी निवडावी?



पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर तार ताणून छेडा, आणि तीच तार जाड फळीवर ताणून छेडून पाहा. डबा मोठ्याने बोलतो, पण त्याचा नाद लवकर विरतो. फळीवरचा नाद बारीक, पण रेंगाळणारा. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. विजेवर वाजणाऱ्या पोकळ गिटारीचे मर्म यातच आहे.

उदाहरणादाखल एपिफोनची ‘कॅसिनो’ गिटार घेऊ. अमेरिकेतील कालामाझू गावी गिब्सनच्या कारखान्यात ती १९६१ साली बनू लागली. पुढे इंग्लंडच्या बीटल्सपैकी मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन या तिघांनीही ती घेतली आणि तिचा बोलबाला झाला. १९७० साली एपिफोनचे काम जपानात गेले. जुन्या गिटारी आता महाग; म्हणून जुन्या घडणीबरहुकूम नव्या बनवतात. अशा गिटारीला ‘रीइश्यू’ म्हणतात. १९९९ साली लेननच्या कॅसिनोवरून असे दोन प्रकार निघाले: एक मूळच्या रंगाचा, दुसरा रंग खरवडलेला.

आता गंमत पाहा. गिब्सनची ‘ईएस-३३५’ ही १९५८ सालची गिटार दिसायला कॅसिनोची बहीणच. तसेच पातळ अंग, तशीच दोन शिंगे, तशीच दोन नादछिद्रे. पण तिच्या पोटात मधोमध मेपल लाकडाचा ठोकळा असतो. कॅसिनो सबंध पोकळ. छिद्रातून आत डोकवा. मध्याच्या बाजूला लाकडाची भिंत दिसली तर ती कॅसिनोच्या जातीची नव्हे.

याने काय बिघडते? जत्रेत कर्ण्यासमोर मायक्रोफोन आला की कर्कश शीळ वाजते, हे आपण ऐकलेच असेल. तसेच येथे घडते. कर्ण्याचा आवाज पोकळ पेटीला हलवतो, पेटी तारांना हलवते, तो आवाज पुन्हा कर्ण्यातून येतो आणि गिटार घोंगावू लागते. मधला ठोकळा हे बरेच आवरतो. म्हणून घरात किंवा लहान बैठकीत वाजवायचे असेल, तर पोकळ गिटारीचा मोकळा नाद घ्यावा. मोठ्या आवाजात, ढोलांच्या साथीला वाजवायचे असेल, तर ठोकळ्याची बरी.

दुसरी गोष्ट पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन विजेत उतरवणाऱ्या भागाची. कॅसिनोचा ‘पी-९०’ एकाच वेटोळ्याचा. त्याचा आवाज खणखणीत, पण विजेची घूंघूं तो सोबत आणतो. दोन वेटोळ्यांचा ‘हंबकर’ ती घूंघूं मारतो.

दुकानात गेल्यावर प्रथम वीज न जोडता वाजवा. दांडी डोळ्याच्या रेषेत धरून वाकली आहे का ते पाहा. प्रत्येक पडद्यावर तार दाबून कोठे खरखरते का ते ऐका. मग वीज जोडा आणि आपण नेहमी वाजवतो तेवढाच आवाज ठेवा. रंगाचा विचार अगदी शेवटी.

लेनन आणि हॅरिसन यांनी १९६८ साली आपापल्या कॅसिनोचा रंग खरवडूनच टाकला होता! रंग काढता येतो, पिकअप बदलता येतो, खुंट्याही नव्या बसतात. पेटीची पोकळी मात्र मागाहून बदलता येत नाही, आणि वाकडी दांडी सरळ करणे म्हणजे मोठा खर्च. हौसेला मोल नसते, हे खरे. पण घामाचा पैसा मोजताना नाव आणि रंग यांना भुलू नये. डोळ्यांआधी कानांना विचारावे.