मनाचा आजार, फोनवर उपचार: १४४१६ लावल्यावर काय होते?

लॉकडाऊनमध्ये एसटी बंद. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाडीतून नगरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे कसे? २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनचे नियम आले आणि फोनवरून सल्ला देणे डॉक्टरांना नियमात बसले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्राची ‘टेली-मानस’ सुरू झाली. १४४१६ वर २४ तास, मोफत, मराठीतही बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेतात. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात.

अडचण वेगळीच आहे. घरात मोबाइल एकच. सुनेने सासूदेखत मनातले सांगायचे कसे? रेंजसाठी टेकडीवर जाणाऱ्याला निदान एकांत तरी मिळतो! जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र एकांताची वाट पाहू नका. लगेच फोन लावा, घरच्या कुणाला सोबत घेऊन जवळचे रुग्णालय गाठा.